कॅम निवडण्याआधी सिग्नलला उभ्या गाडीचा आरपीएम बघ

पत्र

काका, नमस्कार. मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात बाबांचं लेथचं वर्कशॉप आहे. गेली नऊ वर्षं मिशिगनमध्ये, नोव्हायला राहतो. दोन वर्षांपूर्वी 1972 ची शेवरोले शेवेल मलिबू घेतली. 350 घन इंचांचं इंजिन, चार बॅरलचा (चार तोंडांचा) कार्बोरेटर, टर्बो 350 नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, पॉवर ब्रेक, एसी, मागचा एक्सल 2.73 (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे तेवढे फेरे). एप्रिलपासून रस्त्यावर मीठ पडेपर्यंत रोज हीच गाडी ऑफिसला नेतो, जाऊन-येऊन पन्नास मैल. शनिवारी बायको याच गाडीतून मुलीला मराठी शाळेत सोडते. मागच्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइटकडे वुडवर्डच्या क्रूझला, जुन्या गाड्यांच्या मेळ्याला, गेलो होतो. तिथल्या गाड्यांचा उभ्या जागी धडधडणारा आवाज तेव्हापासून कानात बसलाय. टायमिंग चेन बदलायला आलीच आहे, तर त्याच वेळी कॅमही, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडाही, बदलावा म्हणतो. इंजिन आतून मूळचंच आहे. ओळखीचे एक जण सांगतात, 230 अंशांचा घाल, त्याच्या खालचा घातलास तर पैसे फुकट. माझी धाकधूक होतेय. कोणता घेऊ? आणि मला अहो-जाहो करू नका, घरातल्यासारखं सांगा.

उत्तर

तुझं पत्र वाचल्यावर कॅटलॉग उघडायच्या आधी मी एक गुणाकार केला. तुझ्या गाडीचे टायर साधारण 26 इंच उंचीचे धरले. टर्बो 350 चा तिसरा गिअर म्हणजे एकास एक, आणि मागे 2.73 चा एक्सल. ताशी 35 मैलांना तुझं इंजिन सव्वाबाराशे आरपीएमच्या आसपास फिरतं. कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असलेली तेलाची जोडणी) थोडा घसरतो, म्हणून तेराशे धरू. फ्रीवेवर 65 ला ते तेवीसशेवर असतं. सिग्नलला डी मध्ये, म्हणजे ड्राइव्हमध्ये, उभा असशील तेव्हा सहाशे-सातशे. म्हणजे तुझ्या इंजिनाचा जवळजवळ सगळा दिवस सहाशे ते अडीच हजार या पट्ट्यात जातो. कॅम या पट्ट्यासाठी घ्यायचा आहे.

आता 230 अंशांचं बघ. अंश म्हणजे क्रँक किती फिरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा राहतो त्याचं माप. कॉम्प कॅम्सचा एक्सई268 हा या इंजिनासाठी खूप खपलेला कॅम आहे. 0.050 इंच लिफ्टला मोजलं तर इनटेकला 224 अंश, एक्झॉस्टला 230. त्याच्या कामाचा पट्टा बनवणाऱ्यांनीच 1600 ते 5800 असा दिलाय. कॅम उत्तमच आहे, पण 35 मैलांना तेराशेवर चालणाऱ्या गाडीत तो कामाला लागण्याआधीच पुढचा सिग्नल येतो.

इथे आकड्यांचा एक घोळ आहे, तो आधी निस्तरू. खोक्यावरचा 256, 262, 268 हा मोठा आकडा व्हॉल्व्ह अगदी किंचित उघडल्यापासून मोजलेला असतो, आणि तो कुठून मोजायचा हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. म्हणून दोन कंपन्यांचे कॅम त्या आकड्यावरून ताडून बघू नकोस. लिफ्टर (कॅमवर टेकून वर-खाली होणारा तुकडा) 0.050 इंच उचलल्यापासून परत तितकाच खाली येईपर्यंतचे अंश सगळे एकाच पद्धतीने मोजतात. मी पुढे अंश म्हणेन ते हेच, आधी इनटेकचे आणि मग एक्झॉस्टचे. तुला सल्ला देणाऱ्यांनी 230 सांगितलं ते कुठलं, हे त्यांना एकदा विचार. त्यांना खोक्यावरचा आकडा म्हणायचा असेल तर गोष्टच वेगळी होईल. पण बहुतेक तसं नसावं.

जास्त अंशांचा कॅम खालच्या आरपीएमला दम का घालवतो? पिस्टन तळाला पोचून परत वर निघाला तरी इनटेक व्हॉल्व्ह लगेच मिटत नाही. इंजिन जोरात फिरत असेल तर आत शिरणाऱ्या मिश्रणाला वेग असतो, ते त्या वेगाने येतच राहतं आणि उशिरा मिटण्याचा फायदा होतो. हळू फिरत असेल तर तो वेग नसतो. वर येणारा पिस्टन आत आलेलं मिश्रण परत इनटेकमध्ये ढकलतो, आणि जे ढकललं गेलं ते दाबलं जात नाही. म्हणजे पुस्तकात काँप्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) काहीही लिहिलेलं असो, इंजिनाला मिळतं ते व्हॉल्व्ह मिटल्यानंतर उरेल तेवढंच.

तुझ्या इंजिनाचं तर पुस्तकातलंच काँप्रेशन 8.5 आहे. हे त्या वर्षाचं नशीब. 1955 साली आलेलं शेवरोलेचं छोटं व्ही-8 ज्यांच्या हाताखाली तयार झालं, ते एड कोल पुढे जनरल मोटर्सचे अध्यक्ष झाले, आणि शिसं नसलेल्या पेट्रोलवर चालावं म्हणून 1971 पासून कंपनीच्या इंजिनांचं काँप्रेशन उतरवण्याचा निर्णयही त्यांच्याच काळातला. हवेसाठी तो योग्यच होता, असं मला मनापासून वाटतं. तुझ्या चार बॅरलच्या 350 ची ताकद 1971 च्या माहितीपत्रकात 270 हॉर्सपॉवर होती आणि 1972 मध्ये 175 झाली, त्याने मात्र घाबरू नकोस. त्या वर्षी मोजण्याची पद्धत बदलली. आधी इंजिन एकटं, उघडं ठेवून मोजत, नंतर गाडीत बसतं तसं पूर्ण सामानासकट मोजायला लागले. इंजिन तेच आहे. पण 8.5 वर 224-230 चा कॅम चढवलास तर थोडकं उरलेलं काँप्रेशनही व्हॉल्व्हमधून मागे जाईल.

दुसरी गोष्ट ओव्हरलॅपची. एक्झॉस्ट मिटण्याआधी इनटेक उघडतो, दोन्ही क्षणभर एकदम उघडे असतात. वुडवर्डवर तू जो आवाज ऐकलास तो यातूनच येतो. आयडलला, म्हणजे उभ्या जागी इंजिन नुसतं चालू असताना, जळलेला धूर इनटेकमध्ये मागे शिरतो, मिश्रण बिघडतं, एखादा फेरा नीट पेटतो, एखादा नाही, आणि इंजिन अंग हलवत उभं राहतं. ऐकायला ते फार सुंदर लागतं, मलाही लागतं. पण त्याच धडधडीत इनटेकचा व्हॅक्यूम पडतो. तुझे पॉवर ब्रेक त्या व्हॅक्यूमवर चालतात. टर्बो 350 ला गिअर कधी आणि किती जोरात टाकायचा हे सांगणारा मॉड्युलेटरही त्यावरच चालतो. तो व्हॅक्यूम कमी बघतो आणि समजतो की तू अॅक्सिलरेटर दाबलायस. मग गिअर उशिरा आणि झटक्याने पडतात.

मॅन्युअल गाडीत हे बरंचसं झाकलं जातं. क्लच दाबला की इंजिन मोकळं. ऑटोमॅटिकमध्ये डी मध्ये उभं राहिलं की इंजिन कन्व्हर्टरला सतत ढकलत असतं, त्यात एसीचा कॉम्प्रेसर लागला की आणखी ओझं. मोठा कॅम पार्कमध्ये 850 वर छान धडधडतो आणि डी टाकताच 600 वर येऊन बंद पडतो. मग माणूस स्लो, म्हणजे आयडलचा आरपीएम, वाढवतो. स्लो वाढवला की पार्कमधून डी टाकताना मागे ठक्क असा दणका बसतो, गाडी सिग्नलला पुढे सरकू बघते आणि ब्रेकवर पाय रोवून बसावं लागतं. नेमका तेव्हाच ब्रेकचा व्हॅक्यूमही कमी असतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. वीसेक वर्षांपूर्वी माझ्याकडे 1974 ची शेवरोले नोव्हा होती, तुझ्यासारखंच 350 आणि टर्बो 350. मी 224-230 चा कॅम घातला, कन्व्हर्टर आणि एक्सल मूळचेच ठेवले. पहिला महिना मी आवाजावर खूश होतो. मग जुलैच्या उकाड्यात एका चौकात एसी चालू असताना गाडी तीन सिग्नल ओलांडेपर्यंत दोनदा बंद पडली. बंद पडलेल्या इंजिनाबरोबर ब्रेकचं पेडल दगडासारखं झालं आणि समोरच्या गाडीपासून हातभर अंतरावर मी थांबलो. शेजारी माझी आई बसली होती, पुण्याहून महिनाभरासाठी आलेली. ती काही बोलली नाही, नुसता डॅशबोर्डवर हात टेकवून बसली. त्या हिवाळ्यात मी कॅम काढला. तू लिहिलंस की शनिवारी बायको मुलीला घेऊन जाते, तेव्हा मला तो हात आठवला. म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

आता तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर. एक्सल 2.73 आणि कन्व्हर्टर मूळचाच ठेवणार असशील तर एडेलब्रॉकचा परफॉर्मर 2102 घे. 204-214 अंश, लिफ्ट (व्हॉल्व्ह किती इंच उघडतो) 0.420 आणि 0.442, लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्टच्या लोबांच्या, म्हणजे कॅमवरच्या उंचवट्यांच्या, टोकांमधले अंश) 112. तुझ्यात आत्ता जो कारखान्याचा कॅम बहुधा असेल तो 195-202 चा, लिफ्ट 0.390 आणि 0.410. म्हणजे इनटेकला नऊ अंशांनी आणि एक्झॉस्टला बारा अंशांनी वाढ होईल. एक्झॉस्टला जास्त दिलंय ते बरोबरच आहे, कारण मूळच्या सिलिंडर हेडचे एक्झॉस्टचे रस्ते अरुंद आहेत. आयडल जवळपास पहिल्यासारखाच शांत राहील, व्हॅक्यूम टिकेल, एसी लावता येईल, आणि फ्रीवेवर चढताना दोन हजार ते साडेचार हजारांत गाडी आधीपेक्षा मोकळी धावेल. दोन बॅरलचा इनटेक मॅनिफोल्ड तसाच ठेवून त्यावर कोणी नुसता चार बॅरलचा कार्बोरेटर बसवलेला नाही ना, तेही बघून घे. ड्युअल-प्लेन (दोन पातळ्यांवरच्या रस्त्यांचा) इनटेक हवा, सिंगल-प्लेन तुझ्या कामाचा नाही.

एक पायरी वर जायचं असेल तर कॉम्प कॅम्सचा एक्सई256. 212-218 अंश, लिफ्ट 0.447 आणि 0.454, सेपरेशन 110, पट्टा 1000 ते 5200. आयडलला किंचित थरथर येते, कान देऊन ऐकणाऱ्याला कळते. 8.5 काँप्रेशनला माझ्या मते ही शेवटची पायरी. पण हा घेतलास तर एक्सलही 3.42 च्या आसपास ने. नुसत्या एक्सलने केवढा फरक पडतो बघ. टर्बो 350 चा पहिला गिअर 2.52, त्याला 2.73 ने गुणलं तर 6.88. 3.42 ने गुणलं तर 8.62. सिग्नलवरून सुटताना जी खेच तू कॅममध्ये शोधतोयस ती बरीचशी इथे आहे. माझं मन विचारशील तर कॅमला हात न लावता आधी एक्सल बदल, असंही मी म्हणेन. याची किंमत फ्रीवेवर मोजावी लागते: 65 ला तेवीसशेऐवजी इंजिन पावणेतीन हजारांच्या पुढे जातं. रोज पन्नास मैल हे अंगावर येतं, कानांवर आणि पेट्रोलवरही. त्याला उपाय चौथ्या ओव्हरड्राइव्ह गिअरचा बॉक्स, टर्बो 200-4आर किंवा 700आर4, पण तो पुढच्या वर्षाचा खर्च आहे, आणि त्यांची टीव्ही, म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्हची, केबल चुकीची लागली तर आतले क्लच थोड्या मैलांत जळतात. आत्ता त्यात पडू नकोस.

कन्व्हर्टरबद्दल लोक तुला बरंच सांगतील. मूळचा पंधराशे-अठराशे आरपीएमच्या दरम्यान धरतो, म्हणजे जोर पकडतो. 256 बरोबर दोन हजार ते बावीसशेचा चांगला शोभतो. त्याच्या वर रोजच्या गाडीला नको. जितका सैल कन्व्हर्टर तितकं घसरणं, आणि घसरण्याची सगळी शक्ती ट्रान्समिशनच्या तेलात उष्णता होऊन उतरते. बदललास तर रेडिएटरच्या पुढे ट्रान्समिशनचा वेगळा कूलर लाव. 2102 ला यातलं काहीच लागत नाही, त्याचं मला सगळ्यात जास्त कौतुक तेवढ्यासाठीच.

आवाजाचं म्हणशील तर ती हौस मी समजतो, ती मारून टाक असं सांगणार नाही. तुझी गाडी सिंगल पाइपची असेल तर दोन पाइप, मध्ये एच आकाराचा जोड आणि चांगले मफलर. व्ही-8 चा तो खोल, पोटातून येणारा आवाज त्यात मिळतो. अंग हलवणारी धडधड मिळणार नाही. पण एसी चालू ठेवून आठ वाजता सिग्नलला उभं राहता येईल.

आता बसवण्याबद्दल, कारण माझ्या पाहण्यात निवड चुकून जितके कॅम वाया गेले त्यापेक्षा जास्त पहिल्या अर्ध्या तासात गेले. हे दोन्ही कॅम फ्लॅट टॅपेटचे आहेत. कॅमचा लोब लिफ्टरच्या तळावर सरळ घासतो. लिफ्टरचा तळ किंचित फुगीर असतो आणि लोब किंचित उतरता, त्यामुळे लिफ्टर स्वतःभोवती फिरत राहतो आणि झीज वाटली जाते. बाबांना सांग, लेथवर उभं आयुष्य गेलेल्या माणसाला हे ऐकून आनंद होईल. नव्या कॅमला लिफ्टर नवेच, सोळाच्या सोळा. जुना एकही ठेवायचा नाही. लोबवर आणि लिफ्टरच्या तळाला कॅमबरोबर येणारी मोलीची (मॉलिब्डेनमची) पेस्ट चोपड. नव्या गाड्यांच्या इंजिन ऑइलमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी झिंक आणि फॉस्फरस कमी केलेलं असतं, तेच या जुन्या घासणाऱ्या भागांना वाचवतं. म्हणून ब्रेक-इनचं वेगळं, झिंकवालं ऑइल घे, आणि पुढेही जुन्या इंजिनांसाठीचंच वापर.

सुरू करण्याआधी डिस्ट्रिब्युटर काढून त्या भोकातून ड्रिलने ऑइल पंप फिरव, रॉकरपर्यंत तेल आलेलं डोळ्यांनी बघ. कार्बोरेटर पेट्रोलने भरलेला, पाणी भरलेलं, टायमिंग अंदाजे लावलेलं. पेटलं की लगेच दोन हजार ते अडीच हजार, वीस ते तीस मिनिटं, आयडलला येऊ द्यायचं नाही. आयडलला कॅमवर तेल कमी उडतं आणि व्हॉल्व्ह स्प्रिंगचा सगळा दाब लोबच्या टोकावर येतो. रेडिएटरसमोर मोठा पंखा ठेव. मग ऑइल बदल, फिल्टर कापून आत लोखंडाची चमक आहे का बघ.

इथे मी स्वतः केलेली चूक सांगतो. टायमिंगच्या दोन दातेरी चाकांवरचे ठिपके समोरासमोर आणले, कॅमचा खाली आणि क्रँकचा वर, आणि मी समजलो एक नंबर सिलिंडर पेटायला तयार आहे. त्या स्थितीत सहा नंबर तयार असतो. एक नंबरसाठी क्रँक आणखी पूर्ण एक फेरा फिरवावा लागतो, म्हणजे कॅमचा ठिपकाही वर येतो. मी डिस्ट्रिब्युटर उलटा बसवला, दहा मिनिटं स्टार्टर मारत राहिलो आणि लोबवरची सगळी पेस्ट पुसून गेली. तो कॅम दोन हजार मैलांत गेला.

टायमिंग चेन बदलणारच आहेस ते चांगलं. त्या काळच्या बऱ्याच 350 इंजिनांत कॅमच्या चाकाला नायलॉनचे दात असत. पन्नास वर्षांत ते ठिसूळ होऊन तुटतात आणि तुकडे ऑइल पॅनमध्ये पंपाच्या जाळीपाशी जाऊन बसतात. चाक काढल्यावर दात कमी दिसले तर पॅन उतरवून साफ करण्यात कंटाळा करू नकोस. बदली म्हणून स्टीलचा, दुहेरी रोलर चेनचा सेट घे. 256 घेतलास तर व्हॉल्व्ह स्प्रिंग नवीन हवेतच. मूळचे 0.450 च्या आसपास लिफ्टला काठावर येतात, आणि स्प्रिंगवरची वाटी व्हॉल्व्ह गाइडच्या सीलवर आपटत नाही ना हे हाताने मोजून बघायला हवं. 2102 ला चांगल्या अवस्थेतले मूळचे पुरतात, पण पन्नास वर्षांचे स्प्रिंग चांगल्या अवस्थेत क्वचितच असतात.

हे सगळं मात्र तुझं इंजिन आतून निरोगी असेल तर. या रविवारी इंजिन गरम कर, आठही प्लग काढ, थ्रॉटल पूर्ण उघडा धर आणि एकेका सिलिंडरचं काँप्रेशन गेजने मोज. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या पाऊण पटीच्या खाली नको. नंतर प्लग लावून व्हॅक्यूम गेज जोड आणि आयडलचं वाचन लिहून ठेव, एकदा पार्कमध्ये, एकदा पार्किंग ब्रेक लावून आणि ब्रेकवर पाय ठेवून डी मध्ये, एकदा एसी लावून. चांगल्या मूळ इंजिनाला पार्कमध्ये 18 ते 20 इंच दिसायला हवेत. काटा थरथरत असेल किंवा 15 च्या खाली असेल तर एखादा व्हॉल्व्ह गळतोय किंवा टायमिंग मागे पडलंय. चेन सैल असली की ते हमखास पडतं. ते अकरा आकडे मला पाठव. तोवर काहीही मागवू नकोस.